मिनिटाला तीन लाटा

गुंजनच्या पोटावर चौथी चकती चिकटवून टेक्निशियन डिंपलने वायर जोडली आणि म्हणाली, "आता हलायचं नाही हं बेटा. बोलायचं नाही, रडायचं नाही. नुसतं पडून राहायचं."

चार वर्षांच्या पोरीला नुसतं पडून राहा म्हणणं किती सोपं! प्रतिक्षाने स्टूल खाटेला भिडवलं, एक हात लेकीच्या कमरेशी ठेवला आणि दुसऱ्याने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. गुंजनचे डोळे वायरींवरून फिरत साबणदाणीएवढ्या डबीवर आणि तिथून लॅपटॉपवर गेले. ओठ थरथरले. आता भोकाड पसरणार, आणि झालं, सगळं मुसळ केरात. नागपूरचे डॉक्टर अनुप हे यंत्र घेऊन भंडाऱ्याच्या या दवाखान्यात फक्त शनिवारी येत, आणि आजचा नंबर मिळायलाही महिना लागला होता.

"पोटाचा ईसीजी समजा," डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. "जठराच्या भिंतीत आपोआप वीज उठते. बारीक असते, पण असते. मिनिटाला साधारण तीन लाटा. त्या लाटेच्या चालीवर जठर आवळतं आणि अन्न पुढे ढकलतं. लाटच बिघडली तर अन्न जागच्या जागी पडून राहतं. आधी उपाशीपोटी रेकॉर्ड करू, मग थोडं खायला देऊन पुन्हा. पाहू या काय दिसतं."

अन्न जागच्या जागी पडून राहतं! हेच तर ती श्रावणापासून सांगत होती. तेव्हा गुंजनला ताप आला, उलट्या झाल्या. ताप गेला, उलट्या राहिल्या. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, सगळं स्वच्छ. पण रात्री खाल्लेला भात सकाळी शिताशितासकट बाहेर पडे, आणि प्रतिक्षा तो निरखून पाही. भंडाऱ्याजवळ शहापूरला त्यांच्या घरात यावरून पुष्कळ थट्टा झाली होती. "ओकारीत का पाहून राहिली तू?" नवरा विनोद म्हणायचा. "लॉटरीचा नंबर हाये का तिच्यात?" आणि इकडे पोरीचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला होता.

गुंजनचा पहिला हुंदका फुटायच्या आत प्रतिक्षाने हलक्या आवाजात पाळणा धरला. सासूबाईंचा पाळणा, गुंजनला त्याच्याशिवाय झोप येत नसे.

"बोडीत पाणी, पाण्यात मासोळी,
माह्या गा बाईची झोप कोवळी…"

चार ओळी झाल्या की शेवटचा "नीऽऽज" लांबवायचा. मग पुढचं कडवं. तळ्याची बोडी झाली, धानाच्या शेताची बांधी झाली, मोहाचं झाड झालं, संपलं की परत बोडी. गुंजन निवली. मधे विनोदचा फोन आला तेवढा खंड पडला. डिंपलने दूध-बिस्किटं दिली, तीही पोरीने खाल्ली, आणि नंतरचा तासभर पुन्हा पाळण्यावरच निघाला. डिंपल कौतुकाने म्हणाली, "ताई, इतकं शांत लेकरू मी आजवर पाहिलं नाही."

डॉक्टरांनी पडद्यावरचा आकडा पाहिला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"नॉर्मल. अगदी पुस्तकात छापावं असं. मिनिटाला तीन."

प्रतिक्षाला वाटलं, आपण रडू. पण रडू आलं नाही. "मग सर, उलट्या?"

"सवय. आजारात लागते आणि आजार गेला तरी राहते. रागावू नका, पण तुम्ही तिच्या प्रत्येक घासाकडे जीव मुठीत धरून पाहता. ते तिला कळतं. ताट भरून वाढा. ओकली तरी चेहऱ्यावर काही दाखवू नका. दोन-तीन आठवड्यांत फरक पडेल."

बाहेर बाकावर सासूबाई, विमलाबाई, वाट पाहत होत्या. 'नॉर्मल' एवढा शब्द त्यांना पुरला. त्यांनी तिथूनच विनोदला फोन लावला, वाटेत पेढे घेतले, आणि घरी आल्यावर बाबासाहेबांच्या फोटोपुढे एक ठेवून उरलेले आळीत वाटले. प्रतिक्षाच्या हातावरचा पेढा संध्याकाळपर्यंत तसाच होता.

"आता तरी मानशील का नाही?" विमलाबाई म्हणाल्या. "मशीननं सांगतलं, आता डॉक्टरच्या वर का कोणी हाये?"

*

दुसऱ्या दिवसापासून ताट भरून वाढणं सुरू झालं.

विमलाबाई मायेने वाढत, हे प्रतिक्षालाही दिसत होतं. तुपाची धार धरून भात कालवायच्या, एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत सगळं ताट पोरीच्या पोटात उतरवायच्या. गुंजन तोंड फिरवू लागली की प्रतिक्षाचे पाय आपोआप तिकडे वळत, आणि विनोद डोळ्यांनीच दटावे: तू नको जाऊ. ती ओट्याशी उभी राहून धुतलेली भांडी पुन्हा धुवत असे. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, म्हणजे चेहराच दाखवायचा नाही, असा तिने अर्थ लावला होता.

आणि खरोखर उलट्या थांबल्या. विमलाबाईंनी चारचौघींत सांगितलं, "पाहा, आईनं लक्ष देणं सोडलं तं पोरगी सुधारली."

चौथ्या की पाचव्या दिवशी प्रतिक्षा न्हाणीमागे कपडे वाळत घालायला गेली. भिंतीच्या कोपऱ्यात गुंजन पाठमोरी बसली होती. पुढे ओलं पडलेलं, आणि ती चिमुकल्या हातांनी त्यावर माती लोटत होती. चाहूल लागताच दचकून उठली, फ्रॉकने तोंड पुसलं.

"मी नाही ओकली," ती म्हणाली. "आई, मी नाही ओकली. आजीले नको सांगू."

प्रतिक्षाने तिला उचलून घेतलं. किती हलकी! कपड्यांच्या बादलीपेक्षा हलकी. तिने मातीकडे पाहिलं. आदल्या दिवशीची मेथी, पानासकट. हिरवी.

*

दुपारी विमलाबाईंनी गुंजनला साडीच्या झोक्यात घातलं. प्रतिक्षा मधल्या खोलीत रिपोर्ट उघडून बसली. आकडा तिने शंभरदा पाहिला होता. आज ती रेघ पाहत होती. बी.एस्सी.ला फिजिक्सच्या प्रयोगशाळेत तिने अशा रेघांचे गठ्ठे काढले होते. गोडेसर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: आलेली रेघ कोणाची आहे ते आधी विचारा.

रेघ सुंदर होती. फारच सुंदर. फणीच्या दातांसारखी एकामागून एक, सारखी. प्रत्येक लाट झटक्यात वर चढलेली आणि मग सावकाश उतरलेली. पोटातलं काही इतकं झटक्यात चढतं का? जेवणाआधीही तशीच, जेवणानंतरही तशीच, जसं पोटाला जेवल्याचं कळलंच नाही. फक्त एका जागी फणीचे दात तुटलेले: चार-पाच लाटांची जागा जवळजवळ सपाट, बारीक वेडीवाकडी. मग पुन्हा फणी.

बाजूच्या खोलीत विमलाबाईंचा पाळणा चालू होता. शेवटचा "नीऽऽज" लांबला आणि झोक्याचा दोर करकरला. पुन्हा चार ओळी. पुन्हा "नीऽऽज", पुन्हा करकर.

प्रतिक्षाने मान वर केली.

कडवं संपलं की झोक्याला धक्का. तशीच रीत होती. सासूबाईंना त्यांच्या सासूने शिकवली, प्रतिक्षाला सासूबाईंनी. मधे दोर ओढायचा नाही, पोर दचकतं. शब्द संपला की एकच लांब हेलकावा. आणि त्या दिवशी खाटेवर झोका नव्हता, पण तिचा हात तर गुंजनच्या कमरेवर होता. त्या हाताने काय केलं असेल? दर कडव्याला जे रोज करतो तेच. तिने डोळे मिटून आपला तळवा आठवला: शब्द संपला की कमरेला एक हलका रेटा.

मोबाइलवर सेकंदकाटा लावून ती दाराशी उभी राहिली. कडव्याला वीस सेकंद. पुढच्याला एकोणीस. पुढच्याला पुन्हा वीस.

मिनिटाला तीन.

आणि ती तुटलेली जागा म्हणजे विनोदचा फोन. तेवढा वेळ ती गप्प होती, हात मोबाइलला होता. तेवढा वेळच कागदावर गुंजनचं पोट एकटं होतं.

"का पाहून राहिली अशी?" विमलाबाईंनी दोर सोडला नाही. "भूत दिसलं का?"

*

विनोद कामाच्या पाळीवरून आला तेव्हा तिने त्याला हात धुऊ दिले, चहा दिला, आणि मग सांगितलं. तो ऐकून घेत होता. निदान तसं वाटलं. मग त्याने कप खाली ठेवला.

"चांगला रिपोर्टही तुले पचत नाही ना?"

"अहो, तो रिपोर्ट तिचा नाही. माझा आहे. माझ्या हाताचा."

"आता हे नवीन. डॉक्टरले काही समजत नाही, मशीनले समजत नाही, एक तुलेच समजते."

"न्हाणीमागे ओकते ती. लपून. वर माती टाकते. चार वर्षांचं लेकरू!"

विनोदने कप पुन्हा उचलला. विमलाबाई मात्र चुलीपासून उठून आल्या. "म्हणजे माह्या पाळण्यानं मशीन बिघडली? आईकलं का बाप्पा! चार लेकरं निजवले म्या त्याच्यावर, एकाचंही पोट नाही बिघडलं."

"पाळणा नाही आई, धक्का—"

"समजते मले. शिकली म्हणून सांगू नको." त्या जाता जाता थांबल्या आणि जे बोलल्या ते हळू आवाजात होतं, म्हणून जास्त लागलं. "पोरगी बरी हाये म्हटलं तं तुले आनंद नाही होत. कशी माय हायेस तू?"

शनिवारपर्यंत हा प्रश्न तिच्या पाठीमागे घरभर हिंडला. भाजी चिरताना, गुंजनची वेणी घालताना. आपल्याला पोर आजारीच हवी आहे का? चूक निघाली नाही तर? पोट खरंच ठीक असलं, आणि आपलीच नजर तिला आजारी करत असली तर? तिने रिपोर्ट पुन्हा उघडला, मिटला. एकदा तर फाडून टाकावा असं वाटलं. फाडला की सगळे सुखाने राहतील. मग गुंजन शेजारून गेली आणि तिच्या पाठीचे मणके फ्रॉकवरून मोजता आले.

शनिवारी सकाळी तिने लेकीला उपाशी ठेवलं. विमलाबाईंनी आकाशपाताळ एक केलं, "लेकराले उपाशी मारून राहिली ही," आणि शेवटी चपला घालून स्वतःच रिक्षात येऊन बसल्या. "मीबी येतो. डॉक्टर तुले का म्हणते ते मले आईकायचं हाये."

*

डॉक्टर अनुप तिला पाहून थकल्यासारखे हसले. बाहेर पंधरा-वीस आया खोळंबल्या होत्या.

"ताई, आठवडाच तर झाला."

"सर, माझा हात हलत होता."

तिने सांगितलं. पाठ करून आली होती, तरी मधे दोनदा शब्द अडले. डॉक्टरांनी मान हलवली. "हलणं-बिलणं सॉफ्टवेअर गाळून टाकतं."

"मधेच कधीतरी धक्का बसला तर गाळेल. पण दर वीस सेकंदांनी एक, असा तासभर बसला तर? त्याला ती लाटच वाटणार ना, सर? ते तीन शोधतं आहे, आणि मी त्याला तीन देते आहे."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला, आधीचं रेकॉर्डिंग उघडलं, रेघ मोठी केली, आणखी मोठी केली. मग ते म्हणाले, "म्हणा."

"काय?"

"पाळणा. त्या दिवशी म्हटला तसा. हात टेबलावर ठेवून."

विमलाबाई दारात, डिंपल कोपऱ्यात, आणि डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून प्रतिक्षाने बोडीतल्या मासोळीचा पाळणा म्हटला. लाजेने कानशिलं तापली. शेवटचा "नीऽऽज" आला, आणि हात ठरवून आवरला होता तरी तिचा खांदा अर्धा इंच पुढे सरकला. टेबलावरचा पेनस्टँड हलला. डॉक्टर घड्याळाकडे पाहत होते. दुसरं कडवं. तिसरं. मग त्यांनी चष्मा काढला.

"डिंपल, खाट रिकामी कर. मशीन दोनपर्यंत इथे आहे, नंतर महिनाभर कॅम्पांना जाणार. एकदाच जमेल." ते प्रतिक्षाकडे वळले. "तुम्ही तिला हात लावायचा नाही. खाटेलाही नाही."

"मी बाहेर थांबते."

पण ती दाराबाहेर पाऊल टाकते तोच गुंजनने अशी किंकाळी फोडली की डिंपलच्या हातातली चकती गळून पडली. रेघ पडद्यावर वेडीपिशी नाचली. पुन्हा लावली, पुन्हा रडणं. साडेअकरा वाजून गेले. पोर उपाशी, रडून दमलेली. अजून रडली तर उचक्या, उचक्या लागल्या तर सगळंच संपलं.

प्रतिक्षा आत आली आणि खाटेपासून चार हात लांब, थेट फरशीवर आडवी झाली. साडी-बिडी कशाचाही विचार न करता, सरळ, हात अंगाशी.

"गुंजन, स्टॅच्यू खेळायचं? जो हलेल तो हरला. आई हरते की गुंजन हरते?"

गुंजनने हुंदका गिळला. "डोळे?"

"डोळे चालतील. बाकी काही नाही. स्टॅच्यू!"

आणि दोघी थिजल्या. एक खाटेवर, एक फरशीवर, एकमेकींकडे तोंड करून. डिंपलने श्वास रोखून बटण दाबलं. दारात विमलाबाई काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच डिंपलने ओठांवर बोट ठेवलं, आणि म्हातारी तशीच राहिली, एक चप्पल पायात, एक हातात.

सुरुवातीचा वेळ बरा गेला. मग कुठूनशी माशी आली आणि प्रतिक्षाच्या गालावर बसली. गालावरून नाकावर, नाकावरून पापणीपाशी. गुंजनची नजर माशीवर. आईने हात उचलला की खेळ खलास, मग ती उठून बसणार. प्रतिक्षाच्या डोळ्यात पाणी आलं, ओघळून कानात गेलं. ती हलली नाही. माशी ओठाच्या कोपऱ्यात शिरू पाहत होती. आयुष्यात कशासाठी धरला नसेल इतका धीर तिने त्या माशीसाठी धरला. खाटेवर गुंजनचे डोळे हसू लागले होते, पण पोट स्थिर होतं. आई हरली की आपण जिंकू, एवढ्या आशेवर पोर दगड झाली होती.

"झालं," डिंपल म्हणाली. "उपाशीपोटीचं झालं."

प्रतिक्षाने दोन्ही हातांनी तोंड खसाखसा पुसलं. "आई हरली!" गुंजन ओरडली. दूध-बिस्किटांनंतर पुन्हा स्टॅच्यू सुरू झाला. या वेळी खाटेवरची स्टॅच्यू थोड्या वेळाने झोपली, आणि फरशीवरची डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत राहिली. पाठ बधिर झाली.

*

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. या वेळी त्यांनी आकडा सांगितला नाही, रेघेवरून बोट फिरवलं.

"इथे मिनिटाला चार. इथे दोनच. इथे काहीच नाही, पाहा. आणि हे जेवणानंतरचं. जेवल्यावर लाट जोर धरते. इथे ती उलट विझते आहे." त्यांनी रेघेवरून बोट काढून घेतलं. "चूक माझी. मी आकडा पाहिला, रेघ पाहिली नाही."

प्रतिक्षाने खुर्चीचा हात धरला. आपण बरोबर होतो. आपण बरोबर होतो म्हणजे लेकीचं पोट बिघडलं आहे. दोन्ही गोष्टी एकदम अंगावर आल्या.

"अन्नासाठी नाकातून नळी घालावी लागेल, सर?"

"नाही. आत्ता तरी नाही. तापाच्या आजारानंतर जठराची लय अशी हुकते कधीकधी. लहान मुलांत बहुतेक वेळा काही महिन्यांत परत येते. तोवर आपण तिला सांभाळायचं. जेवणाआधी औषध. थोडं थोडं, पातळ, दिवसातून सहा-सात वेळा. तूप कमी, पालेभाजी आता नको. आणि भरलेलं ताट तर अजिबात नाही."

"म्हणजे बिमारच हाये पोरगी?" विमलाबाईंनी दारातून विचारलं.

"हो, आजी. पण बरी होईल."

विमलाबाई भिंतीला टेकल्या. हातातली चप्पल अजून हातातच होती. "आन् मी तिले ताट भरभरून… वरून तूप…" त्यांनी पदर तोंडाशी नेला. सांगण्यासारखं प्रतिक्षाजवळ पुष्कळ होतं; आठवडाभर मनात रचून ठेवलेलं. ते सगळं जिभेपर्यंत आलं, आणि सासूचा तो पदर पाहून तिथेच राहिलं. तिने चप्पल त्यांच्या हातातून घेतली आणि पायाशी ठेवली.

"घाला, आई. फरशी गार आहे."

*

औषध सुरू झालं. पहिले काही दिवस फरक दिसला नाही. एकदा उलटी झाली तेव्हा गुंजनने न्हाणीमागे न जाता, सगळ्यांच्या देखत अंगणात केली, आणि विनोदने स्वतः पाणी आणून तिचं तोंड धुतलं. त्यानंतर दोन दिवस कोरडे गेले. मग तीन. प्रतिक्षा कोणाला काही बोलली नाही. बोललं तर मोडेल अशी भीती होती.

रविवारी विमलाबाईंनी तांदळाची पेज केली, मीठ-जिऱ्याची, गाळून पाण्यासारखी. वाटीत मापून अर्धी. गुंजनने चमचा चमचा करत संपवली, वाटी तोंडाला लावून तळही चाटला.

"आई, अजून दे."

ओट्याजवळ विमलाबाईंचा हात पळीकडे गेला. विनोदने पेपर खाली केला. किती महिन्यांनी हा शब्द या घरात ऐकू आला होता, आणि प्रतिक्षाचा स्वतःचा हातही वाटीकडे निघाला होता.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही. मग."

"मले भूक लागली!"

"माहीत आहे, बाळा. मग देते."

गुंजनने वाटी आपटली, अंग टाकलं आणि मोठ्याने रडायला लागली. टाचा घासून, लाल होऊन, धडधाकट पोरीसारखी. विमलाबाईंना ते पाहवेना. त्यांनी पळी झाकणावर ठेवली, तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाल्या,

"रडू दे तिले. भुकेनं रडून राहिली, रडू दे."